गिरमिट्याची माफी

मी जे खून केले ते सगळे दिवसाढवळ्या केले, लोकरीची कानटोपी घालून केले आणि प्रत्येक वेळी समोरच्याला आधी विचारून केले. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकी मारावी असं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही. मिनेसोटातल्या स्टोरडाल गावी मी हायस्कुलात लॅटिन शिकवत होतो. ज्या वर्षी मी निवृत्त झालो, त्याच वर्षी शाळेने लॅटिनलाही निवृत्त केलं. यात माझा दोष किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्याला कारण झाल्या बर्फ ढकलणाऱ्या गाड्या. नगरपालिकेकडे अशा गाड्या होत्या आणि त्या ठेवायला छप्पर नव्हतं. गावात ‘लिरिक’ नावाचं थिएटर होतं, त्याला छप्पर होतं आणि प्रेक्षक नव्हते. इमारत गावाच्या मालकीची. नगराध्यक्ष क्लॅरेन्स ओव्हरबो यांनी हे दोन प्रश्न एकमेकांशेजारी मांडले आणि त्यांना उत्तर सापडलं. उन्हाळा संपला की लिरिकचा भाडेकरार संपत होता. तोवर तिथे माणसं दिसली नाहीत, तर खुर्च्या उपटून गाड्या आत घ्यायच्या, असं त्यांनी सभेत जाहीर केलं. सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे सगळे लिरिकमध्ये लहानाचे मोठे झालेले होते, पण हिवाळ्यात रस्ते मोकळे हवेत, हे कुणाला नाकारता येत नव्हतं.

थिएटर चालवायची सिग्ने हाउगलँड. नवरा गेल्यापासून तिकिटं तीच फाडायची, लाह्या तीच फोडायची, वर जाऊन प्रोजेक्टरही तीच लावायची. पडदा सरकवायलाही तीच धावत खाली यायची. मी दर शनिवारी जात असे. सिनेमासाठी जातो, असं मी स्वतःला सांगत असे.

एका दुपारी तिने माझ्या दारात गाडी उभी केली आणि काच खाली केली. “अर्व्हिड, बस. तुला अभ्यासाला न्यायचंय.”

तिने मला शेजारच्या गावी तीनच्या खेळाला नेलं. पोरं ज्याला ‘स्लॅशर’ म्हणतात, त्या जातीचा सिनेमा होता. म्हणजे तरुण मुलंमुली रानात राहायला जातात, तिथे एक मुखवटेवाला हिंडत असतो, आणि मुलंमुली एकेक करून कमी होत जातात. कथा इतकीच. पण चुका! खुनी तळ्यातून बाहेर आला तो ठणठणीत कोरडा. मेलेली मुलगी जोरजोरात श्वास घेत होती. दुसरीच्या छातीत सुरा होता आणि सुऱ्यावर किमतीची चिठ्ठी होती. एका गंभीर प्रसंगी तर वरून मायक्रोफोन लोंबकळत खाली आला आणि नायिकेच्या केसांना लागला. हॉल गच्च भरला होता, आणि या प्रत्येक चुकीला पोरं टाळ्या पिटत होती. “घे गं घे श्वास, कोण बघतंय!” एकाने त्या मेलेलीला सांगितलं.

मला फार वाईट वाटलं. ज्या कुणी तो सिनेमा काढला, त्याची उत्तरपत्रिका भर वर्गात वाचून दाखवावी तसं ते होतं. मी चुका बोटांवर मोजत होतो, बोटं संपली, तेव्हा थांबलो.

“बघितलंस?” सिग्ने म्हणाली. “हॉल भरलाय.”

“पण सिग्ने, तो कोरडा कसा?”

“आपण असाच एक काढायचा. गावात. गावातली माणसं मेली की त्यांचे नातेवाईक तरी बघायला येतील.”

“आपण म्हणजे कोण?”

“तू लिहायचं. आणि खुनीही तूच व्हायचं. तू उंच आहेस आणि तुला बोलायला आवडत नाही. खुन्याला आणखी काय लागतं?”

मी घरी येईपर्यंत गप्प होतो. तिने ती संमती समजली. मात्र त्या गप्प बसण्यात मी एक गोष्ट पक्की ठरवली होती. आमच्या सिनेमात एकही चूक असणार नाही. लोकांनी घाबरावं. सिग्नेच्या थिएटरात कुणी कुणाला हसायला येऊ नये.

परवानगीसाठी मी नगरपालिकेत गेलो. ओव्हरबोंनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि ते माझ्याकडे न बघता वाचत राहिले.

“रस्त्यावर कुऱ्हाड चालणार नाही,” ते म्हणाले.

“सुरा?”

“लांब नाही चालणार.”

“करवत?”

“करवतीला वृक्ष समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक ऑक्टोबरात.”

“मग मी मारू कशाने?” मी विचारलं. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बाहेर टाइप करणाऱ्या बाई थांबल्या.

त्यांनी आणखी पानं उलटली. “मासेमारीची साधनं बारा महिने नेता येतात.”

अशा रीतीने मला गिरमीट मिळालं. हिवाळ्यात तळं गोठलं की मासे धरायला बर्फात भोक पाडतात, ते हाताने फिरवायचं गिरमीट. उभं केलं तर माझ्या हनुवटीपर्यंत येई. ते घेऊन धावणं शक्य नव्हतं. माणसाला ते लागायचं, तर त्या माणसाने बराच वेळ एका जागी पडून राहायला हवं, आणि मी दोन्ही हातांनी दांडा फिरवत राहायला हवा. शिवाय वन खात्याच्या माणसाने आठवण करून दिली, की साधन जवळ असेल तर मासेमारीचा परवानाही जवळ हवा, आणि तो मागितल्याबरोबर दिसायला हवा. खुनी खिशात हात घालून कागद शोधतोय हे बरं दिसणार नाही, म्हणून मी परवाना छातीवर टाचणीने लावला. सिनेमाचं नाव ‘गिरमिट्या’ ठेवावं लागलं, ते यामुळे.

मुखवटा शेजारच्या बर्निस रिंगडालबाईंनी विणून दिला. मी काळा मागितला होता. “काळा कुठला रे, त्यात अगदीच मेल्यासारखा दिसशील,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी निळ्यावर पांढरी बर्फफुलं काढली, वर गोंडा लावला. डोळ्यांना दोन भोकं ठेवली, तोंडाला ठेवायला विसरल्या. चष्म्यावाचून मला दिसत नाही आणि तो टोपीच्या आत मावेना, तेव्हा तो बाहेरून लावला. आरशात बघितलं आणि मी खचलो. मला बघून कुणी घाबरलं असतं तर ते फक्त माझ्या काळजीपोटी.

रक्ताचाही असाच प्रकार झाला. मक्याच्या पाकात लाल रंग घालतात, असं मी वाचलं होतं. पण चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायकांना ते कळलं. “चांगला पाक अंगावर ओतणार? मास्तर, तुम्हाला तरी शोभतं का?” त्यांच्याकडे बिटाच्या लोणच्याचं पाणी मुबलक उरलेलं होतं, तेच त्यांनी बरण्या भरभरून दिलं. दिसायला ते गुलाबी आणि पातळ. आमच्या प्रेतांना व्हिनेगरचा वास यायचा, आणि गावातली कुत्री लांबूनच वळून जायची.

कॅमेरा गावात एकच होता, शाळेचा. रेनो पुल्किनेन त्यावर शाळेच्या फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलचे, सामने घेत असे. माझा जुना विद्यार्थी, अबोल माणूस. त्याला दोन सवयी होत्या. तो नेहमी उंचावरून चित्रं घ्यायचा, आणि जो हातात काहीतरी घेऊन पळतो, त्याच्या मागे कॅमेरा न्यायचा. पहिल्याच दिवशी मी चर्चच्या अंगणात पोस्टमास्तरांना मारत होतो. खूप मन लावून मारत होतो. तेवढ्यात पोस्टमास्तरांची बायको स्वयंपाकघरातून बटाट्यांचं गरम भांडं घेऊन लगबगीने निघाली, आणि रेनोचा कॅमेरा तिच्याबरोबर गेला. भांडं सुखरूप टेबलावर पोहोचेपर्यंत तो तिथेच राहिला.

“रेनो,” मी खाली उभा राहून ओरडलो, “खून इकडे आहे!”

“सर, ती मोकळी सुटली होती,” तो छपरावरून म्हणाला.

पुन्हा घ्यायची सोय नव्हती. मागच्या हंगामातली उरलेली रिळं, तेवढीच आमच्याकडे. कॅमेरा मुका, म्हणून सिग्ने टेपरेकॉर्डर घेऊन झुडपात बसायची. अंधारात चित्रं उमटत नसत, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे अंधार पडतो तोवर आमचे बळी झोपायला गेलेले असत. म्हणून सगळी भीती भर उन्हात.

सल्ला द्यायला सगळं गाव यायचं. दंतवैद्य म्हणाले, मरताना तोंड इतकं उघडू नका, आतलं काम दिसतं. न्हावी म्हणाला, मास्तर, तुम्ही मागून येता ते ठीक, पण पाय ओढत या. मी पाय ओढत आलो, तर माझी एक जुनी विद्यार्थिनी मरायची थांबली. “सर, गुडघा पुन्हा दुखतोय का? तुम्ही बसा ना जरा.” टोपीतून मला घाम येत होता आणि मी बर्फफुलांच्या आतून सांगत होतो, की मी सर नाही, मी गिरमिट्या आहे, मला घाबर. “हो सर,” ती म्हणाली.

आणि तो दरवाजा. एकदा तीन बायका माझ्यापासून जीव वाचवत किराणा दुकानातून पळत बाहेर येणार होत्या. मी दाराशी दबा धरून होतो. दार उघडलं, त्या समोर आल्या आणि माझा हात आपोआप दाराला गेला. मी दार धरून उभा राहिलो. तिघी “थँक्यू हं” म्हणत एकेक करून निघून गेल्या. मागून एक म्हातारे गृहस्थ येत होते, त्यांचा सिनेमाशी काही संबंध नव्हता. त्यांच्यासाठीही धरलं.

तरीही माझी आशा शेवटच्या प्रसंगावर होती. त्यात बर्निसबाई त्यांच्याच स्वयंपाकघरात एकट्या असतात. गिरमिट्या दार फोडून आत येतो. त्या किंचाळतात. पुढचं भयंकर आहे. मी ते सहा वेळा लिहून काढलं होतं आणि वाचताना मलाच पाणी प्यावं लागलं होतं.

“दार फोडायचं नाही,” बर्निसबाईंनी आधीच बजावलं. “मागच्याच महिन्यात रंग दिलाय. ठोठाव आणि ये.”

रेनो फ्रिजवर चढून बसला. शेवटचं रीळ लावलं. सिग्ने टेबलाखाली गेली. मी ठोठावलं.

“उघडंच आहे!”

मी आत आलो आणि उंबऱ्याशी बूट काढले. चिखलाचे बूट घालून कुणाच्या स्वयंपाकघरात मला जाता येत नाही. ते माझ्या पायांना ठाऊक आहे, त्यात माझी इच्छा येत नाही. मोज्यांवर पुढे झालो, गिरमीट उचललं. आता बर्निसबाईंनी किंचाळायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारात आलेला माणूस, पायात मोजे. चाळीस वर्षं त्या दारातून आलेल्या माणसाला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता.

“कॉफी घेतोस?”

खरा खुनी इथे गप्प राहिला असता. पण विचारलेल्याला उत्तर न देणं मला जमत नाही. “नको नको,” मी म्हणालो.

“अरे, केलेलीच आहे.”

“नाही, खरंच नको. उगाच त्रास.”

इथे सांगायला हवं, की आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतो, दुसऱ्याला म्हटलं तर उतावळा. तिसऱ्यांदा विचारलं आणि नाही म्हटलं, तर मात्र घरधनिणीचा अपमान होतो आणि तो गावात सांगितला जातो. बर्निसबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“अर्धा कप तरी?”

“बरं,” मी म्हणालो, “अर्धा.”

मी गिरमीट भिंतीला टेकवलं आणि बसलो. कॉफी लोकरीतून गाळून घेतली. त्यांनी लिंबाच्या वड्या पुढे केल्या. त्यावरही नको नको झालं, ते यथासांग पार पडलं. मग त्यांच्या बहिणीच्या कंबरेचा विषय निघाला. टेबलाखालून सिग्ने माझ्या नडगीवर गुद्दे मारत होती, आणि मला वाटत होतं, की वडी संपल्याबरोबर मी उठून यांना मारीन. तोंडात घास असताना ते बरं दिसणार नाही. मी अखेर उठलो, तर त्या चार वड्या कागदात बांधायला लागल्या.

फ्रिजवरून आवाज आला, “संपलं.”

“काय संपलं?” मी विचारलं.

“रीळ.”

“अरे, पण खून राहिलाय!”

“सर, आता सप्टेंबरात. फुटबॉल सुरू झाला की.”

सिग्ने टेबलाखालून बाहेर आली. तिच्या केसांत वडीचा चुरा होता. तिने टेपरेकॉर्डर बंद केला, त्याचा पट्टा खांद्याला लावला आणि ती गेली. ती रागावली असती तर मला चाललं असतं.

खेळाच्या दिवशी मी जाणारच नव्हतो. पण न जाणं हाही भित्रेपणाच, असं वाटून गेलो आणि सगळ्यात मागे खांबाआड बसलो. हॉल भरला होता. ज्याला ज्याला मी मारलं होतं, तो नातेवाइकांना घेऊन आला होता. ओव्हरबो पहिल्या रांगेत, मांडीवर हॅट.

सुरुवातीलाच टेपरेकॉर्डर मागे पडला. पोस्टमास्तर पडले, शांतपणे मेले, त्यांच्या बायकोने बटाटे वाढले, आणि तेव्हा कुठे त्यांची किंकाळी आली. कुणीतरी फस्सकन हसलं. मग दार धरण्याचा प्रसंग. हसू रांगेरांगेने मागे येत माझ्यापर्यंत पोहोचलं. मी खांबाला टेकलो. आणि तळ्याकाठचा पाठलाग लागला. तो प्रसंग त्यातल्या त्यात बरा जमलाय अशी माझी समजूत होती. माझ्या मागे, हिरवळीवर, बनियन आणि अर्ध्या चड्डीतला एक माणूस गवत कापत होता. तो थांबला. त्याने कॅमेरा बघितला. त्याने पोट आत घेतलं आणि हात हलवायला सुरुवात केली, आणि आम्ही चित्राबाहेर गेलो तरी रेनोने त्याला सोडलं नाही, कारण त्याच्या दुसऱ्या हातात गवताची टोपली होती. ते नगराध्यक्ष होते. छप्पर उडतं की काय असं वाटलं. ओव्हरबोंची मान पाठीमागून बिटाच्या पाण्यासारखी झाली.

शेवटी कॉफी. “घेतोस?” म्हटल्याबरोबर हॉलमधून कुणीतरी ओरडलं, “आधी नको म्हणा, सर!” वड्यांच्या वेळी लोक रडत होते. वड्या बांधता बांधता पडदा पांढरा झाला.

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आयुष्यात मी आपणहून कधी कुठल्या व्यासपीठावर गेलो नव्हतो. पण सिग्ने वर प्रोजेक्टरपाशी एकटी होती आणि खाली तिच्या थिएटरचं हसं झालं होतं, ते माझ्यामुळे. मी पुढे गेलो, पडद्यासमोर उभा राहिलो.

“मला माफी मागायची आहे,” मी म्हणालो. “पोस्टमास्तरांची किंकाळी उशिरा आली, त्याबद्दल.”

हशा.

“प्रेतांना व्हिनेगरचा वास येत होता, तो तुमच्यापर्यंत आला नसेल, तरी त्याबद्दलही. दार धरलं त्याबद्दल. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा यात काही संबंध नव्हता.”

“माझ्यासाठी पुन्हा धरलंत तरी चालेल!” ते गृहस्थ मागून ओरडले.

“बर्निसबाई मेल्या नाहीत त्याबद्दल मी फार दिलगीर आहे.”

“मी नाही!” बर्निसबाई म्हणाल्या.

मी एकेक चूक घेत गेलो. मला त्या सगळ्या पाठ होत्या. मी जितका मनापासून बोलत होतो, तितके लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मध्ये मी वर बघितलं. प्रोजेक्टरच्या चौकोनी खिडकीत सिग्ने होती आणि डोळे पुसत होती. माझी जीभ अडखळली. मग ती आणखी पुढे झुकली, तेव्हा कळलं की तीही हसतेय.

दुसऱ्या शनिवारी तिने पाटी लावली: ‘गिरमिट्या. नंतर खुनी स्वतः माफी मागेल.’

“मी पुन्हा नाही मागणार,” मी म्हणालो. “मी खरोखर मागितली होती.”

“मग खरोखरच माग. त्यातच मजा आहे.”

“पण सिग्ने, सप्टेंबरात रेनोकडे रीळ येईल. खून नीट घेऊ. किंकाळ्या जागेवर लावू.”

“हात लावून बघ,” ती म्हणाली, “मीच तुला त्या गिरमिटाने भोक पाडीन.”

लोक येत राहिले. शेजारच्या गावची ती पोरंसुद्धा आली. कॉफीच्या वेळी आता सगळा हॉल माझ्या बरोबरीने नको नको म्हणायचा आणि तिसऱ्या वेळी एका सुरात “बरं, अर्धा.” मी प्रत्येक शनिवारी उभा राहून माफी मागायचो, आणि घरी जाताना वाटायचं, आज एखादी चूक राहिली तर नाही?

ओव्हरबोंकडून मात्र काही शब्द नव्हता. गाड्या बाहेर उभ्या होत्या, करार संपत आला होता. मग एका शनिवारी खेळाआधी ते आले. काखेत लिरिकच्या नव्या कराराचा कागद. सिग्नेने लाह्यांचं झाकण ठेवलं आणि हात पुसले.

“मास्तर, मला तुमच्याशी बोलायचंय,” ते म्हणाले. “तुम्ही सगळ्यांची माफी मागता.”

“हो.”

“कॅमेऱ्यापुढून कुत्रं आडवं गेलं, त्याचीही.”

“ते माझ्याच दुर्लक्षामुळे...”

“माझी मागत नाही.”

मला कळेना. “तुम्ही नगराध्यक्ष आहात,” मी म्हणालो. “तुमची चूक आहे असं चारचौघांत कसं म्हणायचं? पदाचा मान...”

“सगळा हॉल माझ्यावर सगळ्यात जास्त हसतो,” ओव्हरबो म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. “आणि नंतर माझं नावसुद्धा निघत नाही. दोन तासांची गाडी चालवून आज माझी मेव्हणी आलीय. तिला मी काय सांगू? मी यात नाहीच?”

सिग्ने पुढे झाली. “क्लॅरेन्स, तू स्वतःच वर जाऊन मागतोस का?”

“म्हणजे, गाव म्हणत असेल तर,” ते म्हणाले.

“गाव म्हणतंय. तेवढी ती सही करून जा.”

लाह्यांच्या काउंटरवरच त्यांनी सही केली. कागदाला लोणी लागलं.

त्या दिवशी माझ्यानंतर नगराध्यक्ष पडद्यासमोर गेले. त्यांनी बनियनबद्दल माफी मागितली, चड्डीबद्दल मागितली. पोट आत घेतल्याबद्दल मागितली, आणि ते बाहेर सोडून दाखवलं. मग हात कसा हलवला होता ते करून दाखवलं. लोक उभे राहिले. मला कधी कुणी उभं राहून टाळ्या दिल्या नव्हत्या. मी खांबाआड उभा होतो आणि माझ्या मनात जे येत होतं, ते एका निवृत्त शिक्षकाला शोभणारं नव्हतं.

हॉल रिकामा झाला. सिग्ने खुर्च्यांमधून लाह्या झाडत माझ्यापर्यंत आली.

“तुझी माफी जास्त चांगली होती,” ती म्हणाली.

“खरंच?”

“नाही,” ती म्हणाली आणि दुसरा झाडू माझ्या हातात दिला. “पण तुझं तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून म्हटलं.”